निम्म्या पगारातली श्रीमंती



यंदाच्या वर्षावासात मी तीन महिने घरी होते. वीस वर्षे महापालिकेच्या शाळेत शिकवते आहे. साठलेली अर्धपगारी रजा घेतली आणि मुक्त विद्यापीठाच्या एम. ए.चा अभ्यास करायला बसले. पगार निम्मा झाला. आमच्या ह्यांनी रिक्षाचे फेरे वाढवले. शेजारणी म्हणाल्या, "चांगली नोकरी असताना बाईंना हे काय सुचलं?"

पण थांबणे म्हणजे आळस नव्हे. भगवान बुद्धांच्या काळी भिक्खू गावोगाव चारिका करीत. पावसाळ्यात त्यांच्या पायाखाली कोवळे कोंब आणि जीवजंतू तुडवले जातात अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा पावसाचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम झाला. भिक्खूंनी अध्ययन करावे आणि गावाने त्यांच्या पात्रात अन्न घालावे, अशी ती रीत. थांबणाऱ्याला कोणीतरी जेवू घालत असते, ही गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती.

दिवस फार सुखाचे गेले. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, रंगाच्या रिकाम्या बादल्यांत मिरची, अळू, कढीपत्ता लावला होता. दुधीचा वेल पत्र्यावर चढला आणि इतका लागला की निम्म्या गल्लीने खाल्ला. धाकटा रोज विचारी, "आजी, आज पण दुधीच?" थोरलीची गणिते मी वर्षांनंतर शांतपणे बघितली. संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन मीच करी. पैसा कमी, पण घर भरलेले वाटे.

एका रात्री गुडघे दुखतात म्हणून आत्याबाई विहारात आल्या नाहीत. मी त्यांना घरीच वाचून दाखवू लागले. मध्येच त्यांनी माझा हात धरला. "तू वाचतीस ते ग्वाड लागतंय. पर ते कुठं लिवलंय, मला दाव की."

मी गप्प झाले. याच बाईंनी बांधकामावर घमेली वाहून माझ्या डी. एड.ची फी भरली होती. सुनेला कॉलेजात धाडले म्हणून भावकीची बोलणी खाल्ली होती. त्या शिक्षणावर मी वीस वर्षे दुसऱ्यांच्या लेकरांना अक्षरे शिकवली आणि माझ्याच घरातली एक बाई पाटीवाचून राहिली. या तीन महिन्यांतही पहाटे उठून डबे करणारा हात त्यांचाच होता. म्हणून तर मला पुस्तक धरता आले.

तेव्हा मला माता रमाई आठवल्या. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांनी आणि मित्र नवल भथेना यांनी हात दिला, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. इकडे परळच्या चाळीत रमाईंनी संसार ओढला. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. पुढे १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. एवढ्या मोठ्या विद्वानाने घरातले ऋण ग्रंथाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. मी मात्र ते वहीतसुद्धा लिहिले नव्हते.

मंगलसुत्तातील ३८ मंगलांत संतोष आणि कृतज्ञता शेजारी शेजारी आहेत. संतोष माझ्याजवळ होता. कृतज्ञता मागे राहिली होती.

दुसऱ्या दिवशी पाटी आणली. 'बुद्ध' या शब्दात जोडाक्षर येते, म्हणून सुरुवात 'र' आणि 'म' यांपासून केली. आत्याबाई चिडत, पाटी बाजूला सारत. "घमेलं हलकं होतं गं या खडूपरीस!" म्हणत. नातू मास्तर झाला. तो चुकीला छडी दाखवी आणि आजी त्याला दुधी वाढी. आश्विन पौर्णिमेला विहारात त्यांनी उभे राहून पाटीवरचे एकच नाव वाचले, 'रमा'. हात थरथरत होता. टाळ्या वाजल्या तेव्हा मला समोरचे काही दिसत नव्हते.

रजा संपली. पगार पुन्हा पूर्ण मिळेल. पण रात्री साडेआठची पाटी आम्ही बंद करणार नाही. अजून 'बुद्ध' वाचायचे आहे.

वाचकहो, तुमच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी, विसाव्यासाठी कोणाचे हात राबले, ते आज घरात नीट बघा. आभाराचे शब्द पुरेसे नाहीत. आपल्याला मिळाले त्यातला थोडा वेळ त्यांना परत द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!