हात कोणी वर केला, ते लिहा

निफाड तालुक्यातल्या सायखेड्याच्या गोदावरीवरील पुलाशी पावसाळ्यात एकदा तरी उभे राहून पाहावे. वरच्या अंगाने हिरवा गालिचा वाहत येतो आणि पुलाच्या खांबांना येऊन अडतो. पाणवेलींचा तो थर बघता बघता इतका दाट होतो की खाली नदी आहे हेच दिसेनासे होते. पाण्याला वाट मिळत नाही आणि फुगवटा मागे सरकत गावाकडे वळतो. मग जेसीबी येतो, वेली ओढून काठावर टाकल्या जातात आणि पुढच्या लोंढ्याबरोबर नव्या येतात. गंगापूर आणि दारणा या दोन्ही धरणांतून विसर्ग वाढल्याची बातमी आली, की खालच्या आळीतली माणसे सामान माळ्यावर चढवू लागतात. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदाकाठाने काय सोसले, ते इथल्या घरांच्या भिंतींना अजून माहीत आहे.

ही पाणवेल सायखेड्यात जन्मत नाही. ती वाढते शहराच्या सांडपाण्यावर. नाशिक इथून जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर वर आहे. तिथे किती मलजल शुद्ध करायचे, तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक इथल्या केंद्रांचे नूतनीकरण कधी करायचे, नाले कुठे वळवायचे, ठेका कुणाला द्यायचा, हे सगळे ठरते नाशिक महापालिकेच्या सभागृहात. त्या सभागृहात 122 नगरसेवक बसतात. त्यांतल्या एकालाही सायखेड्याचा माणूस मत देत नाही. त्यांच्या निर्णयाचे पाणी मात्र त्याच्याच दाराशी येते.

म्हणून महासभेत काय आणि कसे ठरते, हा विषय नाशिककरांइतकाच गोदाकाठाचाही आहे. जुन्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि नव्या सभागृहासाठी 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले. मधली जवळपास चार वर्षे महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाच्या हाती एकवटले होते. आयुक्तांनी प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून त्यांनीच तो मंजूर करायचा. अधिकारी कितीही सचोटीचा असो, त्याला उभे राहून विरोध करणारा समोर कुणी नसेल तर त्या मंजुरीला निर्णय म्हणता येत नाही. जिल्हा परिषदेची आणि निफाड पंचायत समितीची मुदतही त्याच मार्चमध्ये संपली. त्या काळात सायखेड्याच्या माणसाला स्वतः हात वर करता येईल अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे ग्रामसभा.

आता शहरात सभागृह पुन्हा भरले आहे. पण सभागृह भरले म्हणजे चर्चा होतेच, असे नाही. महापालिकांच्या कारभारात एक जुनी खोड आहे. डॉकेटवरचे विषय शांतपणे पुकारले जातात आणि खरे विषय येतात ते ‘जादा विषय’ म्हणून, शेवटच्या घटकेला. कुणी वाचलेले नसतात, कुणाकडे टिपण नसते. गोंधळात ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज उठतो आणि राष्ट्रगीत होते. इतिवृत्त महिन्यांनी येते. त्यात सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात. बाकीचे कोण बाजूने होते, कोण विरोधात, कोण उठून बाहेर गेले, याचा पत्ता लागत नाही. पुढे काम फसले किंवा खर्च दुप्पट झाला, की प्रत्येक जण सांगतो, ‘मी तेव्हा विरोधच केला होता.’ तो खरे बोलतो की खोटे, हे तपासायला कागदच नसतो. राज्य सरकारला महापालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित करण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. पण जो ठराव विचार न करता झाला, तो विखंडित करून तरी काय साधणार? चूक होते ती मत मोजण्याआधीच.

गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न 2012 मध्ये नागरिकांना उच्च न्यायालयात न्यावा लागला. निर्देश न्यायालयातून आले, समित्या नेमल्या गेल्या. जे सभागृहाने हात वर करून करायचे, ते न्यायाधीशांना कागदावर लिहून द्यावे लागले, हे कोणत्याही सभागृहाला भूषणावह नाही. आता तर सिंहस्थ तोंडावर आहे. 31 ऑक्टोबर 2026 रोजी ध्वजारोहण होईल आणि पुढे 2027 मध्ये अमृतस्नाने. कुंभमेळ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे, नदीवर मोठा पैसा खर्च होणार आहे. रामकुंडावरचे पाणी स्वच्छ दिसावे म्हणून धडपड होईल आणि ती व्हायलाच हवी. पण रामकुंडाच्या खाली नदी संपत नाही. ती सायखेडा-चांदोरीवरून नांदूरमध्यमेश्वरला जाते. कादवा तिला जिथे मिळते तिथले ते पाणथळ 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. घाटापर्यंतच विचार करणारा ठराव हा अर्धाच ठराव आहे.

आमची मागणी साधी आहे. गोदावरीशी, सांडपाण्याशी, नाल्यांशी संबंधित कोणताही प्रस्ताव नाशिकच्या महासभेत आला, की त्याच्या टिपणात खालच्या गावांवर काय परिणाम होईल याचा एक परिच्छेद असलाच पाहिजे. असा विषय जादा विषयात येता कामा नये. त्यावर नाव पुकारून मत घ्यावे आणि ते इतिवृत्तात नोंदवावे. इतिवृत्त पुढच्या सभेची वाट न पाहता मराठीतून लोकांसाठी खुले करावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. नगरसेवकांनी ठरवले तर याच महिन्यात सुरू करता येईल.

आता थोडे घरातलेही बोलले पाहिजे. शहराच्या सभागृहाला नावे ठेवताना आपल्या ग्रामसभेकडे पाहिले, तर चित्र फार वेगळे नाही. ग्रामपंचायतीचे जाडजूड कार्यवृत्त रजिस्टर उघडा. पानामागून पान तेच वाक्य दिसेल : ‘यावर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ काय चर्चा झाली? किती माणसे होती? गणपूर्तीसाठी मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसे लागतात. सायखेड्यासारख्या बाजाराच्या गावाला शंभर माणसे म्हणजे काय मोठे? पिंपळगाव बाजार समितीच्या इथल्या उपबाजारात कांद्याचा लिलाव असला, की त्याहून अधिक शेतकरी ट्रॅक्टरजवळ उभे असतात. तरीही गावोगाव कोरमअभावी सभा तहकूब होतात. तहकूब सभेला कोरमची अट नसते, त्यामुळे उरलेल्या पंधरा-वीस जणांत गावाचे वर्षाचे नियोजन उरकते. नंतर रजिस्टर घरोघर फिरते आणि सह्या गोळा होतात. काही ठिकाणी तेही होत नाही.

महिलांची सभा नियमित ग्रामसभेआधी घ्यायची, अशी कायद्यात तरतूद आहे. पूर आला की पाणी उपसायचे, धान्य वाळवायचे आणि लेकरांना घेऊन शाळेत मुक्काम करायचा, हे सगळे बाईच्याच वाट्याला येते. तिच्या सभेत नदीचा विषय निघाला तर तो वेगळ्या नेमकेपणाने निघेल : कोणत्या गल्लीत पाणी आधी शिरते, कोणाच्या घरी म्हातारी माणसे आहेत, शौचालये कुठे बुडतात. ही सभा कागदावर उरकली जाते तिथे गाव आपलीच माहिती गमावते. आणि आपल्या बायकांना मताची किंमत शिकवायची गरज नाही. आडव्या बाटलीच्या मतदानात एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी दारूच्या दुकानाविरुद्ध मत द्यावे लागते. घरी बसलेलीचे मतही तिथे दारूच्या बाजूचेच ठरते. तरी महाराष्ट्रात कितीतरी गावांत बायकांनी ही कठीण अट पूर्ण करून दाखवली. मोजलेल्या मताने दुकान बंद होते, हे त्यांनी पाहिले आहे.

एकमत ही वाईट गोष्ट नाही. गडचिरोलीतले मेंढा-लेखा सगळ्यांच्या सहमतीनेच निर्णय घेते आणि त्या बळावर 2009 मध्ये त्या गावाने आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. पण तिथे सहमती होते ती विषयावर बसून, पुन्हा बसून, शेवटच्या माणसाची शंका फिटेपर्यंत बोलून. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावरील खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ग्रामसभांपुढे ठेवला. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही सभांनी नाही म्हटले आणि खाण थांबली. बलाढ्य कंपनीसमोर त्या डोंगरावरच्या वस्त्यांचा शब्द टिकला, कारण तो न्यायालयाच्या देखरेखीखाली, माणसे मोजून, कागदावर आला होता.

गोदाकाठाला हे जमणार नाही असे मानायला आम्ही तयार नाही. सायखेडा, चांदोरी आणि काठावरच्या बाकी गावांनी एकाच मजकुराचा ठराव एकाच दिवशी करावा. पाणवेली पावसाळ्यापूर्वी कोणी, कोणत्या तारखेपर्यंत काढायच्या? पुलाला अडकल्या तर यंत्र कोणाचे येईल? शहरातून शुद्ध न केलेले पाणी नदीत सोडले जाणार नाही याची लेखी हमी कोण देईल? ठरावाखाली हजर माणसांचा आकडा असावा, बाजूची आणि विरोधाची मते असावीत. तो महापालिका आयुक्त, जलसंपदा विभाग आणि कुंभमेळा प्राधिकरण यांना जावा. आलेले उत्तर पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावे. उत्तर आले नसेल तर तेही रजिस्टरात लिहावे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी एवढे केले, तर त्या रजिस्टराचे एक पान पुढच्या पुरात शंभर निवेदनांपेक्षा अधिक कामाला येईल.

पुढची ग्रामसभा 1 मे रोजी आहे. त्यानंतर पावसाळ्याला महिनाच उरतो. त्या दिवशी सभेला जा, घरातल्या बायकांना आधीच्या दिवशी त्यांच्या सभेला पाठवा, आणि रजिस्टर समोर आले की सही करण्यापूर्वी ठराव वाचून दाखवायला सांगा.