अरण्यऋषींच्या गौरवानंतर

२५ जानेवारी २०२५ रोजी मारुती चितमपल्ली यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी वयाची ९२ वर्षे पूर्ण केली होती. त्याच वर्षी १८ जून रोजी सोलापुरात त्यांनी देह ठेवला. सन्मान आणि श्रद्धांजली यांत पाच महिन्यांचेही अंतर राहिले नाही. साडेतीन दशके वनखात्यात आणि त्यानंतर जवळपास तितकीच वर्षे लेखणीने ज्याने अरण्याची सेवा केली, त्याच्या दारी राजमान्यता इतक्या उशिरा पोहोचावी, याची खंत अनेकांना वाटली. ती रास्तच आहे. परंतु निसर्ग-अभ्यासकाचा गौरव करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, याचा विचारच आपल्याकडे फारसा झालेला नाही.

वास्तविक या प्रांतातील निसर्ग-अभ्यासाची परंपरा जुनी आहे. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे एतद्देशीय होते. आत्माराम पांडुरंगांचे नाव प्रार्थना समाजामुळे तरी टिकले. सखाराम अर्जुन मात्र डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील एवढ्याच ओळखीने उरले; ते वनस्पतींचे व्यासंगी होते, हे आज किती जणांस ठाऊक आहे? पुढे डॉ. सालिम अलींना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या थोरवीविषयी दुमत नाही. पण या साऱ्या विद्येचा व्यवहार इंग्रजीत चाले, आणि ज्या माणसांच्या डोळ्यांदेखत पक्षी घरटी बांधत होते, त्यांना आपल्याच रानाविषयी काय लिहिले गेले हे कळण्याची सोय नव्हती.

चितमपल्लींचे मोठेपण येथे आहे. मातृभाषा तेलुगू असलेल्या या वनाधिकाऱ्याने कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथील रानांचे ज्ञान मराठीत आणले. त्यासाठी त्यांनी दोन गुरुकुले केली. एक संस्कृत ग्रंथांचे. हंसदेवाचे ‘मृगपक्षिशास्त्र’ मराठीत आणण्याच्या कामात त्यांचा वाटा होता. दुसरे वनवासी, पारधी आणि ढीवरांचे. पोथी आणि पायवाट यांत त्यांनी उच्चनीच मानले नाही. बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, पाखरांच्या रात्रीच्या मुक्कामाला ‘रातनिवारा’ हे शब्द त्यांनीच मराठीत रुळवले. त्यांनी मराठीला एक लाख शब्द दिले, असे कौतुकाने सांगितले जाते. आकडा मोजण्याचे काम कोशकारांवर सोपवावे. त्यांतले किती शब्द आपल्या तोंडी आहेत, हे मात्र प्रत्येकाने स्वतःशी पडताळून पाहण्यास हरकत नाही. २००६ साली सोलापुरातील ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. रानाच्या अभ्यासकाला सारस्वतांनी आपला मानले, हा त्या संमेलनाचाही गौरव होता.

२०२५ च्या याच पद्म यादीत बारीपाड्याचे चैत्राम पवार यांचेही नाव होते. धुळे जिल्ह्यातील उजाड डोंगर गावकऱ्यांच्या श्रमाने पुन्हा हिरवे करणारा, वनवासी कल्याण आश्रमाचा हा कार्यकर्ता. कोणती रानभाजी केव्हा खुडावी हे जाणणाऱ्या माताभगिनींचे ज्ञान तेथे स्पर्धा भरवून चारचौघांत सन्मानिले जाते. प्रशस्तिपत्रांच्या पलीकडचा गौरव तो हाच.

राज्य शासनाने २०२० साली ५ ते १२ नोव्हेंबर हा ‘पक्षी सप्ताह’ म्हणून जाहीर केला. आरंभी चितमपल्लींचा जन्मदिवस, अखेरीस सालिम अलींचा. कल्पना उत्तम आहे आणि ती सुचवणाऱ्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. पण सप्ताहात भाषणे आणि छायाचित्रे होतात, आणि पाहिलेल्या पक्ष्यांची यादी अनेक ठिकाणी इंग्रजी नावांनीच भरली जाते. शेजारी उभ्या असलेल्या वनमजुराला त्या पक्ष्याचे नाव ठाऊक असते. त्याला कोणी विचारत नाही!

चितमपल्लींच्या सोलापूर जिल्ह्याचीच कथा पाहावी. नान्नजच्या माळावरील माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले. कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होते. शेते, गावे, वस्त्या असे सारे रेषेच्या आत. जमिनीचे व्यवहार अडले, शेतकरी चिडला आणि ज्याला वाचवायचे तो पक्षीच त्याला वैरी वाटू लागला. २०१२ मध्ये क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर माळरानांवर पिके उभी राहिली होती आणि विजेच्या तारा आल्या होत्या. आता तेथे एखादा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी होते. मेंढ्या घेऊन त्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या हिंडलेल्या धनगराला रेषा आखण्यापूर्वी विचारले असते, तर पक्षी कोठे उतरतो आणि कोठे अंडे घालतो, हे त्याने काठीने दाखवले असते.

चितमपल्लींचे स्मारक व्हावे, अशी मागणी होईल. पुतळा उभारण्यास विरोध असण्याचे कारण नाही. पण त्यांचा ‘पक्षिकोश’ प्रत्येक वनरक्षकाच्या प्रशिक्षणात यावा आणि मेळघाटातील कोरकू किंवा भामरागडातील माडिया वृद्धाला ठाऊक असलेली झाडापाखरांची नावे वनखात्याने त्याच्या हयातीत, त्याच्या नावानिशी नोंदवून घ्यावीत. यासाठी ना दिल्लीची शिफारस लागते, ना मोठा निधी. एक वही लागते आणि त्याच्यापाशी बसण्याइतका वेळ.