अठराव्या वर्षी गुरू सुटू नये

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या अध्यक्षांस व कार्यकारिणीस,


बालगृहात वाढलेल्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की संस्था सोडावी लागते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये अशा मुलांना आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद आहे. नियमांनुसार एकविसाव्या, अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षण सेवा, म्हणजे संस्था सोडल्यानंतरचा आधार, मिळू शकते आणि ‘मिशन वात्सल्य’ योजनेतून दरमहा ४००० रुपये. मुंबई-पुण्यात तेवढ्यात खोली मिळत नाही, डिपॉझिटचे तर नावच नको. पण पैशांहून मोठी उणीव माणसांची असते. खोली घेताना ओळख देणारे, तापात फोन उचलणारे, कुठेतरी कामाला लावून देणारे कोणीच नसते. घर असलेल्या मुलाची नोकरी गेली तर तो घरी परततो. या मुलांना मात्र फलाट किंवा पदपथ गाठावा लागतो. असे एक माणूस जोडून देण्याची ताकद संगीताच्या शिक्षणात आहे आणि ते काम तुम्ही हाती घ्यावे, एवढ्यासाठी हे पत्र.

ही गोष्ट तुमच्या घराण्यातलीच आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गरीब विद्यार्थ्यांना आपल्याजवळ ठेवून, जेवूखाऊ घालून शिकवले. पुढे मुंबईत त्यांच्याकडे आलेले ओंकारनाथ ठाकूर अत्यंत गरिबीतून, एका दात्याच्या मदतीने आले होते. इतर प्रशिक्षणांचा कोर्स संपतो, प्रमाणपत्र मिळते, ओळख तिथेच संपते. गाण्याची तालीम वर्षानुवर्षे चालते. शिवाय वर्गात काय घडते तेही पाहावे. त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर मोजताना मुलगा नवव्या मात्रेच्या खालीत गडबडतो, सम चुकते, तबलजी थांबत नाही, पुढच्या आवर्तनात त्याला पुन्हा समेवर यायची संधी असते. चुकले की हाकलून देणारी जागा ज्याने फार पाहिली, त्याच्यासाठी हे लहानसहान नाही.

पुराव्याविना मी हे मांडत नाही. १९७५ साली होसे आंतोनियो आब्रेउ यांनी व्हेनेझुएलात सुरू केलेल्या ‘एल सिस्तेमा’ या संगीतशिक्षणाच्या उपक्रमाचा अभ्यास सुमारे २९०० मुलांवर, कोणाला प्रवेश द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवून, झाला. मुलांचा आत्मसंयम वाढल्याचे त्यात दिसले आणि हिंसेच्या छायेत वाढलेल्या मुलग्यांचे आक्रमक वागणे कमी झाले. पण त्याच अभ्यासात उघड झाले की प्रवेश मिळालेल्यांत गरीब मुले जेमतेम सतरा टक्के होती, तर त्या राज्यांत गरिबी सेहेचाळीस टक्क्यांच्या वर होती. दार उघडे ठेवले म्हणजे गरजू आत येतात, असे होत नाही. शिक्षकानेच त्यांच्याकडे जावे लागते.

आधी छप्पर द्या, गाणे नंतर, असे कोणी म्हणेल. छप्पर शासनानेच द्यायचे आहे आणि त्याची मागणी सोडता कामा नये. पण मिळालेली खोली टिकवायला मिळकत आणि माणसे दोन्ही लागतात. सगळे गवई होणार नाहीत, तसे स्वप्न दाखवणे क्रूरपणाचे ठरेल. भजनाला पेटीची, तबल्याची साथ, शाळेतली शिकवणी, ध्वनिव्यवस्था, मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावण्याचे कारागिरीचे काम, अशी पोटापाण्याची कामे मात्र आहेत. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. ज्याला कोणी नाही, त्याच्यावर गुरूची सत्ता निरंकुश होऊ शकते. म्हणून तालीम उघड्या वर्गात व्हावी, शिक्षकांची पूर्वपडताळणी व्हावी आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती संस्थेबाहेरची असावी.

तेव्हा पुढच्या सत्रापासून निदान मुंबई-पुण्यातल्या बालगृहांत व अनुरक्षण गृहांत तुमच्या संलग्न विद्यालयांचे शिक्षक मानधनावर पाठवा. या मुलांना प्रारंभिकपासून विशारदपर्यंत परीक्षा शुल्क माफ करा. मुलगा किंवा मुलगी कामासाठी दुसऱ्या गावी गेली, तर तिथल्या संलग्न विद्यालयातल्या शिक्षकाकडे नावानिशी सोपवा. आणि हा संबंध तेविसाव्या वर्षी तोडू नका.

आपला,
एक संगीतप्रेमी नागरिक