सरहद्दीवरची तार

“सर, बांगलादेशला वीज विकतात म्हणजे बॅटऱ्या भरून पाठवतात का?” नववीतल्या एका मुलीने विचारले. वर्ग हसला. आम्हाला मात्र प्रश्न आवडला. वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे अजूनही कठीण आणि महाग आहे. ती तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते. म्हणून शेजाऱ्याला द्यायची तर तार जोडूनच द्यावी लागते.

अशी एक तार पश्चिम बंगालमधील बहरमपूरहून बांगलादेशातील भेडामाऱ्याला जाते. ऑक्टोबर २०१३ मध्ये ५०० मेगावॉट क्षमतेने ती सुरू झाली, २०१८ मध्ये क्षमता दुप्पट झाली. दोन्हीकडे वीज ५० हर्ट्झचीच, पण ताल वेगळा. दोन मशिदींत नमाज एकच असते, पण रुकू एकाच क्षणी होत नाही, तसे. म्हणून भेडामाऱ्याच्या केंद्रात भारतातून आलेल्या एसी विजेची आधी डीसी करतात आणि तिथेच पुन्हा बांगलादेशच्या तालातली एसी.

१ नोव्हेंबर २०१४ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास हे केंद्र अचानक बंद पडले. चारशेहून अधिक मेगावॉट एका क्षणात नाहीसे झाले. उरलेल्या वीजकेंद्रांवर भार आला, फ्रिक्वेन्सी घसरली आणि ती एकामागून एक बंद होत गेली. ढाक्यासह जवळजवळ सारा देश विजेविना राहिला. मगरिब झाली तरी अनेक भागांत दिवे नव्हते.

मग शेजाऱ्याची वीज घेऊच नये का? हे आम्हाला पटत नाही. ३१ जुलै २०१२ ला आपल्याकडे उत्तर, पूर्व आणि ईशान्येची ग्रिड कोसळली, ती काही परक्या तारेमुळे नव्हे. मोठा वाटा एकाच दारातून येत असेल तर ते दार बंद होताच भार झटकन उतरवण्याची सोय घरात हवी, एवढेच. (आपल्या घरातही सगळे एकाच प्लगवर लावणारी मंडळी असतात!)

आता नेपाळही यात आला आहे. पावसाळ्यात तिथल्या नद्यांवर वीज उरते. भारताच्या तारांवरून ४० मेगावॉट बांगलादेशला देण्याची सुरुवात १५ नोव्हेंबर २०२४ ला झाली. करार १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढ्याच महिन्यांचा आहे. हिवाळ्यात नद्या आटतात, तेव्हा नेपाळ स्वतःच भारताकडून वीज घेतो, बिहारमधल्या मुजफ्फरपूरहून ढल्केबरला जाणाऱ्या, पावसाळ्यात उलट्या दिशेने वाहणाऱ्या त्याच तारेवरून.