मोरकी आणि लगाम

आमच्या समीक्षेला घोडा फार प्रिय आहे. मात्र तो नेहमी तयार झालेला घोडा असतो. प्रतिभेचा वारू चौखूर उधळतो, कल्पनेला लगाम घालावा लागतो, भाषेवर मांड पक्की हवी असते. कठोपनिषदातील रथाच्या रूपकातही इंद्रिये हे घोडे आणि मन हा लगाम. घोडे आधीच जुंपलेले. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा पाहणारे त्याची चाल पाहतात, भाव ठरवतात. हा घोडा कधी शिंगरू होता आणि कोणीतरी त्याच्या डोक्यावर पहिल्यांदा मोरकी चढवली होती, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. शिकवण्याविषयीची आमची बरीचशी गैरसमजूत या विस्मरणातून आली आहे, असे आम्हांस वाटते.

लगामाचे लोखंड तोंडात जाते. मोरकी नाका-गालफडांभोवती बसते. तिच्यात दोराखेरीज काही नसते. आणि त्या दोराने शिंगराला ओढून नेता येत नाही, ही त्यातली पहिली गोष्ट. समोर उभे राहून सरळ ओढले की शिंगरू मागे रेटते, मागच्या पायांवर उभे राहते, प्रसंगी उलटे पडून डोक्याला मार लागतो. जाणता माणूस म्हणून किंचित बाजूला उभा राहतो, दोर अगदी थोडा ताणतो आणि वाट पाहतो. शिंगराने मान वळवली, अर्धे पाऊल टाकले, की तत्क्षणी दोर सैल सोडतो. शिंगरू शिकते ते या सैल सोडण्यातून. ताण हा केवळ प्रश्न असतो. उत्तर बरोबर आले हे हात सैल झाल्यावरच कळते. सोडायला उशीर झाला तर आपले काय बरोबर होते हे त्याला उमगत नाही, आणि हिसका दिल्यावर सोडला तर ते हिसका द्यायला शिकते. सगळी विद्या हाताच्या त्या क्षणभराच्या जाणिवेत आहे.

हे ज्ञान जुने आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफनने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो, की शिंगरू शिक्षकाच्या हवाली करताना, मुलाला कारागिराकडे ठेवताना करतात तसा लेखी करार करावा. पण त्याआधी घरीच त्याला माणसाची ओढ लागलेली असावी. भूक, तहान आणि माशा यांचा जाच एकटेपणाशी आणि त्यांतून होणारी सुटका माणसाशी जोडली गेली, की ती आपोआप लागते. शिक्षणाच्या आधीचे हे शिक्षण त्याने मालकाच्या घरावर सोपवले, हे लक्षणीय आहे.

आपल्या काळातही हा वाद चाललेला आहे. रॉबर्ट मिलर या अमेरिकी पशुवैद्याने 1991च्या आपल्या पुस्तकात, जन्मताच शिंगराला सर्वांगी हाताळून माणसाची सवय लावावी, असे मांडले. पुढच्या अभ्यासांत त्याचे टिकाऊ फायदे फारसे आढळले नाहीत. उलट 2005 साली फ्रान्समधील संशोधकांनी शिंगराला हातच लावला नाही. पहिले पाच दिवस रोज थोडा वेळ त्यांनी त्याच्या देखत घोडीला शांतपणे खरारा केला. ती शिंगरे पुढे माणसाजवळ अधिक निःशंकपणे आली.

साहित्याच्या वर्गात आम्ही यातले काय करतो? पहिल्याच तासाला विद्यार्थ्याच्या तोंडात संज्ञांचे लोखंड घालतो: रसव्यवस्था, आशयसूत्र, संरचना. कविता त्याला आवडली की बुजवून गेली, हे विचारत नाही. त्याने चाचरत एखादे स्वतःचे वाक्य उच्चारले, तर दोर सैल सोडण्याऐवजी 'आणखी मुद्दे?' म्हणून पुन्हा ओढतो. परीक्षेत तो मार्गदर्शिकेतली वाक्ये लिहितो, तेव्हा मात्र गुण देऊन मोकळा करतो. मग तो काय शिकला? जे केल्यावर सुटका झाली, ते शिकला. आणि एखादा शिक्षक विद्यार्थ्यांसमोर नुसता बसून स्वतःसाठी कविता वाचतो आहे, अडतो आहे, पुन्हा मागे जातो आहे, हे दृश्य तर दुर्मीळच.

यावर एक आक्षेप खरा आहे. मोरकी कितीही हळुवार चढवली, तरी शेवटी तो दोरच. सैल सोडणारा हातही बांधण्यासाठीच आलेला असतो. घोड्याच्या बाबतीत याला आमच्याकडे उत्तर नाही. अध्यापकाच्या बाबतीत एवढेच म्हणता येईल, की मोरकी घालून शिंगराला कुरणात मोकळे सोडत नाहीत. खूर अडकून ते जायबंदी होते. चरायला सोडताना ती काढून घ्यावी लागते. आमच्यापैकी किती जण पदवीच्या शेवटच्या दिवशी ती काढून घेतात?