रॅकमध्ये जागा आहे की!

"अरे, अजून दहा यू रिकामे आहेत, टाक की चार सर्व्हर!" नोकरीच्या सहा वर्षांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता डोकंच फिरतं. मंडळी, रॅक म्हणजे घरातलं कपाट नव्हे, जागा दिसली की कोंबायला. सर्व्हरला वीज लागते.

गेल्या वर्षीची गोष्ट. रॅकला ३२ अँपिअरचे दोन फीड, ए आणि बी. आत २४ सर्व्हर, प्रत्येकाचे दोन पॉवर सप्लाय, एक ए वर, एक बी वर. मोजलेला लोड सर्व्हरमागे साधारण ४६० वॅट. म्हणजे एकूण ११ किलोवॅट, २३० व्होल्टला ४८ अँपिअर. दोन्ही फीडवर २४-२४. एक्सेलमध्ये ७५ टक्के, हिरवागार रंग! "८० टक्क्यांच्या आत आहे ना? मग झालं." त्या शीटला ओके म्हणणाऱ्यांत मीही होतो.

एका रविवारी पहाटे देखभालीसाठी ए बाजूचा यूपीएस बंद केला. सगळा भार बी वर आला. ३२ च्या एमसीबीवर ४८ अँपिअर. एमसीबी अशा वेळी लगेच पडत नाही, आतली पट्टी तापायला वेळ लागतो. त्यामुळे काही मिनिटं सगळे निवांत... आणि मग खट्! अख्खा रॅक बंद.

सोमवारच्या मीटिंगमध्ये खापर कुणावर? यूपीएस बंद करणाऱ्या कंत्राटी इलेक्ट्रिशियनवर. त्या बिचाऱ्याने सांगितलं तेवढंच केलं होतं. एमसीबीनेही आपलं काम चोख केलं. चूक आमच्या शीटची होती. मी मात्र तेव्हा गप्प बसलो, आणि हे लिहायचं खरं कारण तेच आहे.

दोन फीड म्हणजे दुप्पट वीज नाही हो! एक मेला तर दुसऱ्याने एकट्याने सगळं ओढलं पाहिजे. म्हणजे ८० टक्क्यांचा नियम दोन्ही फीडच्या बेरजेला लावायचा. ३२ चे ८० टक्के २५.६ अँपिअर, म्हणजे ५.९ किलोवॅटच्या आत. आमच्या हिशेबात १२ सर्व्हर. नेहमीच्या दिवशी प्रत्येक फीड ४० टक्क्यांच्या खालीच दिसायला हवा.

यावर ठरलेला प्रश्न: "मग उरलेली वीज फुकट घालवायची?" गाडीतली स्टेपनी फुकट असते का? ती 'फुकट' वीज म्हणजेच रिडंडन्सी. तीच वापरून टाकली, तर दुसऱ्या फीडचे पैसे कशासाठी मोजले?

जास्त सर्व्हर हवेत? जरूर टाका. पण आधी थ्री-फेज फीड मागा. ३२ अँपिअरला साधारण २२ किलोवॅट, ८० टक्के धरून साडेसतरा. तिन्ही फेजवर भार सारखा वाटा. पॉवर सप्लायवर छापलेल्या वॅटवर विसंबू नका, भरगच्च कामाच्या वेळी मीटर बघा. आणि वीज परत आली की सगळे सर्व्हर एकदम उठणार नाहीत, थोड्या थोड्या अंतराने उठतील, असं सेटिंग करून ठेवा.

अजूनही 'यू' मोजायचे असतील, तर एन्व्हिडियाचा डीजीएक्स एच१०० बघा. ८ यू चा एकच डबा, जास्तीत जास्त १०.२ किलोवॅट. आमचा अख्खा रॅक जेमतेम तेवढा!

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की ए आणि बी च्या आकड्यांची बेरीज करा. ती एका फीडच्या ८० टक्क्यांवर गेली असेल, तर आजच बोला. नाहीतर उद्या तुमच्याही इलेक्ट्रिशियनला मेमो मिळेल.