गावावर राहिलेली मैना कोण?

१/ शाहीर अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड आज अनेकदा निव्वळ विरहगीत म्हणून ऐकवली जाते. मैनेच्या रूपाचे वर्णन संपले, टाळ्या पडल्या, की गाणे आटोपते. हा अर्थ अर्धा आहे. आणि उरलेला अर्धा गाळणे म्हणजे शाहिराचा आवाज बंद करणे होय.

२/ अण्णा भाऊंचा जन्म १९२० चा, वाटेगावचा. दारिद्र्यापायी कुटुंब मुंबईकडे पायी निघाले. पुढे त्यांनी गिरणीत काम केले आणि १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह ‘लाल बावटा कलापथक’ उभारले. मुंबई त्यांनी कामगाराच्या नजरेने पाहिली.

३/ पठ्ठे बापूरावांनी लावणीत मुंबईचे वैभव गायिले. अण्णा भाऊंनी आपल्या ‘मुंबईच्या लावणी’त मलबार हिलशेजारी परळ उभे केले. एकाच शहरात दोन शहरे आहेत, हा त्यांचा सिद्धान्त छक्कडीतही कायम आहे.

४/ छक्कडीचा नायक पोटासाठी मुंबईत येतो. तिथली श्रीमंती त्याला दिसते, लाभत नाही. मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटतो आणि शेवटी उलगडा होतो: मैनेची जशी ताटातूट, तशीच बेळगाव, कारवार, निपाणीची.

५/ याउलट, ‘मैना हे केवळ राजकीय रूपक’ असे म्हणणारेही चुकतात. समोर बसलेल्या असंख्य गिरणी कामगारांच्या बायका खरोखरच गावी होत्या. मुंबईत एका खोलीत अनेक पुरुष दाटीने राहत, खाणावळीत जेवत. सीमाभागाचे दुःख त्यांना समजले, कारण ताटातूट ते रोज जगत होते. विरह हा लढ्याचा मुखवटा नव्हता; त्याचा पुरावा होता.

६/ १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिली. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. ज्या छक्कडीचा शेवट आजही न्यायालयात तिष्ठतो आहे, तिचा तोच भाग मंचावर कापला जावा, हा दैवदुर्विलास नव्हे, निष्काळजीपणा आहे.

७/ मुंबईचा कष्टकरी आता परळमध्ये मावत नाही. तो अंबरनाथ-बदलापूरपर्यंत सरकला आहे. पालेगावच्या नव्या इमारतींतून निघून गच्च भरलेल्या लोकलने त्याच शहरात कामाला जातो. शहराला त्याचे श्रम हवेत, मुक्काम नको. छक्कड ऐकायची तर शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकावी. मैनेचे नाव तिथेच कळते.